फाइल समोर दिसते आहे, तरी फोन म्हणतो सापडत नाही

गेल्या जुलैत एका रात्री वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. चौथ्यांदा आली तेव्हा पंखा फिरायला लागला, फ्रिज गुरगुरला, पण लॅपटॉप काही उठला नाही. सकाळी कराडात दुरुस्तीला नेला. दुकानदारानं मागचं झाकण काढलं, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय. पार्ट मुंबईहून येतोय, पंधरा दिवस धरा."

पंधरा दिवस धरण्याची सोय नव्हती. गावच्या वाचनालयाची स्मरणिका गणपतीच्या आधी छापायला जायची होती, आणि तिच्यासाठी जुने छापील वार्षिक अहवाल टाइप केलेल्या मजकुरात आणून द्यायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. १८४ पानं. सचिव अण्णांनी ती स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये पाठवली होती आणि दर दोन दिवसांनी फोन करून "झालं का हो?" विचारत होते.

काम तसं ठरलेलं. पॉपलर या पीडीएफच्या साधनांतल्या पीडीएफटूपीपीएम या आज्ञेनं पानांची चित्रं करायची, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टकडून ती वाचून घ्यायची आणि निघालेला मजकूर 'नीट'मधून गाळायचा. पहिल्या दोन गोष्टी साऱ्या जगाच्या, तिसरी माझी. 'नीट' हा मी सी भाषेत लिहिलेला तीन-साडेतीनशे ओळींचा प्रोग्राम. टेसरॅक्ट मराठी बरं वाचतो, पण पूर्णविरामाच्या जागी मधूनच दंड टाकतो आणि ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तसाच तुटका ठेवतो. त्याहून त्रासदायक म्हणजे 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला तो मिशीसारखा र. युनिकोडमध्ये त्याला दोन वाटा आहेत. एक नुक्तावाल्या ऱ-ची, दुसरी साध्या र-ला हलन्त देऊन नंतर एक अदृश्य जोडचिन्ह ठेवण्याची. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा दडून बसतो. 'नीट' सगळ्यांना एका वाटेला लावतो. एवढंच त्याचं काम, पण ते हातानं करायचं म्हटलं तर डोळे जातील.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला रडगाणं ऐकवलं तर म्हणाला, "मामा, मग फोनवरच करा की. टर्मक्स टाका."

"टर्मिनल एम्युलेटर ना ते? एम्युलेटरवर १८४ पानं वाचायची म्हणजे दिवाळी उजाडेल."

एम्युलेटर म्हटलं की मला जुने टीव्ही गेम कॉम्प्युटरवर खेळायला मिळायचे ते आठवतं. एका यंत्रानं दुसऱ्या यंत्राचं सोंग घ्यायचं आणि सोंग सांभाळता सांभाळता दमायचं. इथे सोंग आहे ते फक्त टर्मिनलचं, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्याचं, हे डोक्यात शिरायला एक संध्याकाळ गेली. १९७८ साली डेक कंपनीनं व्हीटी १०० नावाचं टर्मिनल काढलं. काचेचा पडदा आणि कीबोर्ड एवढाच त्याचा जीव, हिशेब करणारं यंत्र दुसरीकडे. कर्सर हलव, ओळ पूस, अक्षर ठळक कर, अशा ज्या खुणा त्याला समजायच्या त्याच, भर घालून, आजची टर्मिनल ॲप्स समजतात. ॲप अक्षरं रंगवतं आणि बोटांनी दाबलेलं पुढे ढकलतं. मधे कर्नलनं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यानं, दिलेली एक नळी असते, तिला पीटीवाय म्हणतात. नळीच्या पलीकडच्या टोकाला बसलेला, आज्ञा वाचून चालवणारा बॅश, आणि बॅशनं सुरू केलेला प्रत्येक प्रोग्राम, फोनच्याच कर्नलवर आणि फोनच्याच प्रोसेसरवर थेट पळतो. टर्मक्समध्ये टीटीवाय ही आज्ञा दिली की 'डेव्ह, पीटीएस, शून्य' असा त्या नळीचा रस्ता छापून येतो. लॅपटॉपवरही असाच यायचा. ते पाहिल्यावर माझी खात्री पटली.

ॲप एफ-ड्रॉइड या खुल्या ॲप्सच्या दुकानातून घ्या, असं भाच्यानं बजावलं होतं. त्यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आला तेव्हा नियम झाला की एपीआय २९ (अँड्रॉइड १० चाच आतला क्रमांक) किंवा त्यापुढचं लक्ष्य धरून बांधलेल्या ॲपला स्वतःच्या लिहिण्याच्या जागेतली फाइल चालवता येणार नाही. जिथे लिहिता येतं तिथून चालवायचं नाही. चोरवाटेनं उतरलेला प्रोग्राम चालू नये म्हणून हे ठीकच. पण टर्मक्सचा अख्खा संसार त्याच जागेत: प्रोग्राम उतरवायचे तिथे आणि चालवायचेही तिथेच. नोव्हेंबर २०२० पासून प्ले स्टोअरनं अपडेटसाठी हे नवं लक्ष्य सक्तीचं केलं, तेव्हा टर्मक्सवाल्यांनी तिथले अपडेट थांबवले आणि एफ-ड्रॉइडवरची आवृत्ती एपीआय २८ वरच ठेवली. नंतर प्ले स्टोअरवर एक वेगळी बांधणी पुन्हा आली आहे, मी मात्र एफ-ड्रॉइडचीच घेतली. बसवताना फोननं 'हे ॲप जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलेलं आहे' अशी पाटी दाखवून घाबरवलं. जुन्यासाठी आहे म्हणूनच तर घेतोय, असं मनात म्हणून पुढे गेलो.

काळा पडदा, डॉलरचं चिन्ह. 'हू ॲम आय' विचारलं तर 'यू शून्य, ए २८७' अशा धाटणीचं उत्तर. तो म्हणे मी. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप हा एक वेगळा लिनक्स वापरकर्ता असतो आणि कुणी कुणाच्या घरात डोकवायचं नाही असा दंडक आहे. मुळाशी जाऊन एलएस, म्हणजे फाइलींची यादी, मागितली तर परमिशन डिनाइड. लॅपटॉपवरची प्रोग्राम ठेवायची ओळखीची फोल्डरं, यूएसआर आणि त्याखालचं बिन, इथे नेहमीच्या जागी नाहीतच. ते सगळं 'डेटा, डेटा, कॉम-टर्मक्स, फाइल्स' अशा चार उंबऱ्यांच्या आत मांडलेलं आहे आणि त्या लांब पत्त्याला प्रीफिक्स असं छोटं नाव आहे. वाड्याचा नकाशा तोच, पण सगळा एका भाड्याच्या खोलीत बसवलेला.

'नीट'ची तयार झालेली फाइल पेनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये होती. ओटीजीची वायर लावून ती डाउनलोडमध्ये उतरवली, टर्मक्सला स्टोरेजची परवानगी दिली आणि तिथूनच चालवायला गेलो. परमिशन डिनाइड. सवयीनं सीएचमॉड करून चालवण्याचा हक्क दिला. काही कुरकुर नाही. पुन्हा चालवली, पुन्हा डिनाइड. एलएस-एल करून पाहिलं तर दिलेला हक्क लागलेलाच नव्हता. फोनचं जे सामायिक स्टोरेज आहे, जिथे फोटो आणि व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग राहतात, ते 'चालवायचं नाही' या अटीवरच जोडलेलं असतं. तिथली फाइल वाचता येते, बदलता येते, पण चालवता येत नाही. म्हणून ती उचलून टर्मक्सच्या घरात, होममध्ये, आणली.

तिथे हक्क लागला, पण आता 'एक्झेक फॉरमॅट एरर'. ही चूक मात्र माझ्या मठ्ठपणाची. लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा, फोनचा एआरएम जातीचा. एकाची यांत्रिक भाषा दुसऱ्याला कळण्याचा प्रश्नच नाही. फाइल ही आज्ञा बसवून विचारलं तर तिनं स्पष्ट सांगितलं: एक्स८६-६४. मुकाट्यानं मूळ सोर्स, म्हणजे मी हातानं लिहिलेला प्रोग्राम, शोधायला लागलो. तो २०१९ साली मी मलाच ईमेल करून ठेवला होता, विषयाच्या ओळीत नुसतं 'ठेव' असं लिहून.

आता टर्मक्समध्येच सोर्सपासून चालणारी फाइल बनवणारा कंपायलर बसवून मोकळं व्हायचं, तर आमच्या भाच्याला उत्साह. त्याच्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टचा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आहे. "मामा, तोपण एआरएम, तुमचा फोनपण एआरएम. तुम्ही कशाला डेटा घालवता, मी इथून बनवून पाठवतो." दहा मिनिटांत झिप आली. होममध्ये सोडवली, हक्क दिला, चालवली. बॅश म्हणाला: कॅनॉट एक्झिक्यूट, रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड.

फाइल सापडत नाही? एलएस केलं, आहे. पूर्ण पत्ता देऊन चालवली, तरी तेच. नाव बदललं. नावात एखादं अदृश्य अक्षर असेल म्हणून पहिल्या अक्षरावर टॅब दाबून बॅशकडूनच नाव पुरं करून घेतलं. बॅशला नाव पुरं करता येतं, आकार सांगता येतो, फक्त चालवायचं म्हटलं की ती नाहीशी होते. जुना बॅश तर याच ठिकाणी सरळ 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणायचा. ५.२ पासून निदान 'लागणारी फाइल' सापडली नाही असं म्हणतो, म्हणजे रोख दुसऱ्याच कुठल्या फाइलवर आहे एवढं कळतं. कुठल्या, ते मात्र सांगत नाही.

ते फाइलीच्या पोटात डोकावणाऱ्या रीडएल्फनं सांगितलं. चालवायच्या प्रत्येक फाइलच्या पोटात, ती लायब्रऱ्यांवर, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, अवलंबून असेल तर, एक पत्ता लिहिलेला असतो: मला मेमरीत चढवून, माझ्या लायब्रऱ्या जोडून द्यायचं काम अमुक एकाकडे आहे. कर्नल आधी त्याला बोलावतो. रास्पबेरी पायवर बनलेल्या फाइलीत तो पत्ता होता 'लिब' या फोल्डरातल्या 'एलडी-लिनक्स-एआर्च६४'चा. डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या वाणांत, पायवर, सगळीकडे तो गृहस्थ तिथेच भेटतो, कारण सगळे जीलिबसी ही एकच सी लायब्ररी वापरतात. अँड्रॉइडनं कर्नल लिनक्सचा घेतला, पण सी लायब्ररी स्वतःची लिहिली. तिचं नाव बायॉनिक, आणि तिचा चढवणारा 'सिस्टीम, बिन, लिंकर६४' या पत्त्यावर राहतो. पाहुणा दारात उभा आहे, पण त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर ज्याचं नाव आहे तो माणूस या गावात राहतच नाही. कर्नल म्हणतो सापडत नाही, बॅश तोच निरोप पुढे देतो, आणि आपण पाहुण्याकडे बघत बसतो. माझा दीड तास यात गेला.

भाचा ओशाळला. भरपाई म्हणून त्यानं प्रूट-डिस्ट्रो सुचवलं. टर्मक्सच्या आतच एक डेबियन मांडायचा. मांडला, त्यात शिरलो, आणि तीच पायवाली फाइल तिथे चालली, कारण तिथे लिब आहे आणि तो गृहस्थही आहे. इथे मात्र सोंग खरंच घेतलेलं असतं. प्रूट प्रत्येक प्रोग्रामच्या मागे पीट्रेस नावाची पाळत लावून बसतो. प्रोग्रामनं कर्नलकडे 'लिबमधली फाइल उघड' म्हटलं की मधेच अडवून पत्ता बदलतो आणि टर्मक्सच्या खोलीतल्या डेबियनकडे वळवतो. शंभर फाइली उघडायच्या तर शंभर वेळा अडवणार. त्यामुळे नुसतं गणित करणारा प्रोग्राम जवळजवळ पूर्ण वेगानं पळतो, पण डेबियनमध्ये प्रोग्राम बसवणाऱ्या एपीटीनं पॅकेज उघडायला घेतली की जांभया येतात. ज्याच्याकडे फक्त तयार फाइल आहे, सोर्स नाही, त्याला हा मार्ग उत्तम. माझ्याकडे सोर्स होता. घर असताना घरात तंबू कशाला, म्हणून डेबियन काढून टाकला आणि जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं, क्लँग हा कंपायलर बसवला: पीकेजी इन्स्टॉल क्लँग.

डेटा बराच गेला, पण पुढचं सुखाचं होतं. बोटांच्या सवयीनं जीसीसी हे लॅपटॉपवरच्या कंपायलरचं नाव लिहिलं तर तेही चाललं. आवृत्ती विचारली तेव्हा उत्तर क्लँगनं दिलं, जीसीसी हे इथे त्याचंच टोपणनाव. एक इशारा आला, तो पाच वर्षं येतोय. बनलेल्या फाइलीच्या पोटात पाहिलं, पत्ता लिंकर६४ चा. धडधडत एक जुना अहवाल तिच्यात सोडला, आणि काळ्या पडद्यावर मराठीत ओळ उमटली:

मराठी लोकेल सापडलं नाही. थांबतो.

मी दचकलो. मग कळलं, ही ओळ माझीच. सुरुवातीलाच मी 'एमआर-आयएन, यूटीएफ-८' हे लोकेल, म्हणजे भाषेच्या रीतींचा संच, मागितलं होतं आणि मिळालं नाही तर हा निरोप देऊन बंद व्हायचं असं लिहिलं होतं. लॅपटॉपवर ते कायम मिळालं, म्हणून हा निरोप मी स्वतः कधीच वाचला नव्हता. बायॉनिकला लोकेलं अशी मोजकीच ठाऊक: सी, पॉसिक्स, सी-यूटीएफ-८ आणि अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-८. महिन्यांची नावं, रुपयाचं चिन्ह, वर्णक्रम हे सगळं अँड्रॉइडमध्ये वरच्या मजल्यावर, जाव्हाच्या बाजूला सांभाळलं जातं. खाली सी लायब्ररीत मराठीचा पत्ता नाही. माझं काम मात्र तेवढ्यानं अडायचं कारण नव्हतं. मला हवं होतं ते एवढंच की बाइट्स यूटीएफ-८ म्हणून वाचले जावेत आणि 'क' हे अक्षर आहे आणि '-' हे नाही एवढं कळावं. ते सी-यूटीएफ-८ मध्ये होतं. एका ओळीत पाच-सात अक्षरं बदलली आणि 'नीट' पळाला. पहिल्याच पानावर तीन तुटके शब्द जोडले गेले आणि 'कार्यकारी मंडळाच्या दुसऱ्या सभेत' हे शोधल्यावर सापडलं.

हा शोध घेताना मराठी टाइप कशी केली, तेही सांगायला हवं. टर्मक्स कीबोर्डला एकेक अक्षर सुटं मागतो, त्यामुळे रोमनमध्ये लिहून देवनागरी करणारा माझा कीबोर्ड तिथे गप्पच बसला. मग लक्षात आलं की तळाची एस्केप, टॅब, कंट्रोलवाली पट्टी बोटानं डावीकडे सरकवली की तिच्याजागी लिहायची एक साधी चौकट येते. तिच्यात निवांत मराठी लिहा, एंटर दाबा, मजकूर बॅशकडे जातो. आणि कंट्रोलसाठी आवाज कमी करायचं बटण. आवाज कमी अधिक सी म्हणजे चालू काम बंद. पहिले दोन दिवस फोन आला की मी आवाज वाढवण्याऐवजी भलतंच काही तरी थांबवायला बघायचो.

मात्र पडद्यावर मराठी वाचायला जाऊ नये. टर्मिनल हा चौकटीचा कागद आहे, एका घरात एक अक्षर. आपली लिपी घरात मावत नाही. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते पण नंतर साठवलेली असते, 'क्ष्म' मध्ये चार-पाच चिन्हं मिळून एक आकृती होते, काना स्वतंत्र घर मागतो आणि उकार मागत नाही. माझ्या पडद्यावर जोडाक्षरं फुटलेली, काने सुटलेले. सुरुवातीला मला वाटलं 'नीट'नंच मजकूर नासवला. तासभर त्याच्यात चूक शोधली. शेवटी टर्मक्स-ओपन या आज्ञेनं तीच फाइल फोनच्या साध्या वाचकात उघडली, तर अक्षर न अक्षर जागेवर. बाइट्स बरोबर होते, रंगवणाऱ्याला रंगवता येत नव्हते, एवढंच. त्यानंतर मी टर्मिनलमध्ये फक्त आज्ञा वाचल्या, मजकूर बाहेर वाचला.

पॉपलर आणि टेसरॅक्ट दोन्ही टर्मक्सच्या भांडारात तयार आहेत, अँड्रॉइडसाठीच बांधलेले. टेसरॅक्टचा जन्म ह्युलेट-पॅकार्डमधला, १९८५ च्या सुमाराचा. २००५ मध्ये तो खुला झाला आणि आवृत्ती ४ पासून न्यूरल नेटवर्कनं वाचायला लागला. मराठीची प्रशिक्षित फाइल वेगळी उतरवून प्रीफिक्सखालच्या शेअरमधल्या टेसडेटा फोल्डरात ठेवावी लागते. ती वेगवेगळ्या तऱ्हांची मिळते, त्यांतल्या दोन म्हणजे 'बेस्ट' आणि 'फास्ट'. मी दोन्हींवर तीच दहा पानं वाचून घेतली. बेस्टला दुपटीहून जास्त वेळ लागला आणि चुका जेमतेम चार-पाच कमी. फोनवर काम असेल तर फास्ट घ्यावी, माझं स्पष्ट मत. पानांची चित्रं ३०० डीपीआयवर, करड्या रंगात. फोटोसारखी रंगीत केली तर जागा खातात आणि वाचन काही सुधारत नाही.

लॅपटॉपवरची जुनी बॅश स्क्रिप्टही आणली होती. तिच्या पहिल्या ओळीत बिनमधला बॅश मागितलेला, जो फोनवर तिथे नाहीच. तरीही ती चालली, म्हणून उलट मीच संशयात पडलो. टर्मक्स-एक्झेक नावाची छोटी लायब्ररी असे जुने पत्ते मधल्या मधे बदलून देते. तिनं सांभाळून घेतलं नाही ते टेम्प फोल्डर. स्क्रिप्टमध्ये त्याचा पत्ता मी ठोकून बसवला होता, तिथे लिहायला मिळेना. टेम्पडिर या नावानं मागितला की टर्मक्स स्वतःचा देतो. बदलला.

शनिवारी संध्याकाळी सगळं जुळलं. फोनला आठ कोअर आहेत, म्हणून एकाच वेळी अनेक कामं सोडणाऱ्या एक्सआर्ग्सला सांगितलं, आठ टेसरॅक्ट एकदम सोड. वेक-लॉक घेतला, म्हणजे पडदा मालवला तरी फोन झोपणार नाही. चार्जरला लावला आणि चहाला गेलो. परत आलो तर शेवटची ओळ: प्रोसेस कम्प्लीटेड, सिग्नल ९, प्रेस एंटर. कम्प्लीटेड कसलं, २३ पानं झाली होती. पुन्हा लावलं, पुन्हा मधेच तेच. सिग्नल ९ म्हणजे विनंती नाही, थेट गळा. आणि फोन हातात धरवत नव्हता इतका तापलेला.

मला वाटलं तापल्यामुळे. कारण दुसरंच निघालं. अँड्रॉइड १२ पासून ॲपच्या पोटातून जन्मलेल्या उपप्रक्रियांवर पहारा आहे. कर्नलच्या भाषेत त्या साध्या प्रक्रिया, अँड्रॉइडच्या भाषेत 'फँटम', भुताटकी. साऱ्या फोनभर मिळून ३२ च्या वर गेल्या की सिस्टीम मारायला लागते. ॲप मागे गेलेलं असताना कुणी प्रोसेसर फार खात असेल तर त्यालाही उडवते. सामान्य माणसाच्या बॅटरीसाठी हे बरोबरच असेल. पण ज्या ॲपचं कामच उपप्रक्रिया काढणं आहे त्याच्या मुळावर येतं. अँड्रॉइड १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हा पहारा बंद करायचं बटण दिलं आहे. माझा फोन १३ वर. तिथे एडीबीतून, म्हणजे फोनला बाहेरून आज्ञा देणाऱ्या साधनातून, एक सेटिंग बदलावं लागतं, आणि एडीबी म्हणजे कॉम्प्युटर. कॉम्प्युटर तर कराडात उघडा पडलेला.

तेव्हा भाच्यानं जी युक्ती सांगितली तिच्यासाठी त्याच्या पायवाल्या फाइलीची चूक माफ केली. एडीबी टर्मक्समध्येच बसवायचं आणि फोननं फोनलाच जोडून घ्यायचं. वायफाय चालू ठेवून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायरलेस डिबगिंग उघडलं. 'पेअरिंग कोडनं जोडा' दाबलं की सहा आकडी कोड आणि पोर्टचा क्रमांक दिसतो. तो पाहून टर्मक्समध्ये लिहायला जावं, तर सेटिंग्जमधून बाहेर पडताक्षणी चौकट मिटते आणि कोड रद्द. तीनदा पाठ करून पळालो, तीनदा रद्द. "मामा, स्क्रीन दोन भागांत करा." वर सेटिंग्ज, खाली टर्मक्स. खालच्या अर्ध्यात कीबोर्ड उघडला की टर्मिनलच्या दोनच ओळी उरतात. त्या दोन ओळींत 'एडीबी पेअर लोकलहोस्ट', पोर्ट, कोड असं जपून टाइप केलं. सक्सेसफुली पेअर्ड. मग कनेक्ट, त्याचं पोर्ट वेगळं, हे न कळल्यामुळे आणखी दहा मिनिटं. शेवटी 'सेटिंग्ज पुट ग्लोबल'नं सुरू होणारी ती ओळ, जिच्यात भुतांवरचा पहारा फॉल्स करायचा. एंटर. काही छापलं नाही, म्हणजे झालं.

आठऐवजी दोनच टेसरॅक्ट एका वेळी सोडले, फोन पंख्याखाली उघड्या फरशीवर ठेवला. एका पानाला नऊ-दहा सेकंद, दोन जोडीनं. १६१ पानं उरली होती, पाऊण तास धरला होता, त्याहून बरंच आधी आटोपलं. लॅपटॉपपेक्षा फार मागे नाही, आणि माझा लॅपटॉपही काही नवा नव्हता.

अण्णांना मजकूर पाठवला. त्यांनी तासाभरात फोन केला. "झकास. पण त्रेचाळीसचा अहवाल कुठाय?"

पाहिलं तर खरंच, त्या अकरा पानांच्या जागी नुसती टिंबं आणि स्वल्पविराम. युद्धकाळातला कागद, पिवळा पडलेला, पाठीमागची शाई पुढे उतरलेली. करडं केलं, उजळवलं, बेस्टवरही चालवलं. टेसरॅक्टला त्यात अक्षर दिसेना. मला दिसत होती. वर स्कॅन, खाली टर्मक्सची ती लिहायची चौकट, स्क्रीन पुन्हा दोन भागांत, आणि अंगठ्यांनी टाइप करायला बसलो: 'कागदाच्या टंचाईमुळे यंदाचा अहवाल संक्षिप्त काढावा लागत आहे.'